शिक्षा मोठी हवी की हमखास?

खाडीपलीकडे
आमच्या गावात (राजापूर तालुका, नाव नको) पावसाळ्यापासून बंद घरं फोडायचं सत्र चालू आहे. पैसे-दागिने बंद घरात कोण ठेवतंय, पण तांब्याचे हंडे, पितळी समया, घंगाळं जातायत, एका घरातून तर न्हाणीतला बंबच उचलून नेला. परवा गावकीच्या बैठकीत ठराव आला की चोर सापडला तर २५,००० दंड आणि तसा बोर्ड एसटी थांब्यावर लावायचा. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी म्हटलं रक्कम लाख करा हवं तर, पण आजवर एकही सापडलेला नाही त्याचं काय? कोणी मनावर घेतलं नाही.

सध्या एलएलबीला गुन्हेशास्त्र वाचतोय म्हणून हे डोक्यात घोळतंय. मिलानच्या चेझारे बेकारियाने १७६४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, एक लहानसं पुस्तक लिहिलं, तेही आधी नाव न घालता. तेव्हा युरोपात कबुलीसाठी छळ करणं कायदेशीर होतं आणि शिक्षा म्हणजे चौकात हाल हाल करून मारणं. त्याचं म्हणणं असं की माणूस फायदा-तोटा बघून वागतो, तर शिक्षेचा तोटा गुन्ह्याच्या फायद्यापेक्षा थोडासाच जास्त असला तरी पुरे, फक्त ती चुकता कामा नये आणि लवकर व्हायला हवी. भयंकर पण क्वचित होणाऱ्या शिक्षेपेक्षा सौम्य पण न चुकणारी शिक्षा जास्त धाक घालते.

मग १९६८ मध्ये अमेरिकेतला अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर हाच हिशेब गणितात मांडतो. पकडले जाण्याची शक्यता गुणिले दंड. शंभरात एकदा पकडला जाणारा आणि लाखाचा दंड, किंवा दहात एकदा पकडला जाणारा आणि दहा हजाराचा दंड, सरासरी तोटा दोन्हीकडे हजारच. पोलीस ठेवायला खर्च येतो, दंडाची रक्कम वाढवायला काही लागत नाही, म्हणजे या गणिताने आमच्या गावकीचा बोर्डच स्वस्त आणि बरोबर ठरतो! मला बेकारिया पटतो पण बेकरला उत्तर देता येत नाहीये. आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय चालतं ते सांगा, पुस्तकातलं नको, डोळ्यांनी बघितलेलं.

तांडेल_देवगड
उत्तर समुद्रात आहे. एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. राज्याच्या १९८१ च्या मासेमारी कायद्यातले दंड फारच किरकोळ होते म्हणून आम्हीच पारंपरिक मच्छीमारांनी ओरड केली आणि २०२१ मध्ये दंड लाखांत नेले. बरं झालं. पण रात्री घरामागच्या टेंबावर उभं राहिलं की क्षितिजावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतोच. का? कारण गस्तीची बोट कुठल्या बंदरात उभी आहे, डिझेल भरलंय की नाही, कधी सुटली, हे ती जेटी सोडायच्या आत फोनवर सगळीकडे गेलेलं असतं. आणि मासळी एका रात्रीत लागते. जनरेटरवर दिवे पेटवले की बांगडा आणि म्हाकूल वर येतं, पर्ससीनने (घेर घालणारं मोठं जाळं) घेरलं की आम्ही महिनाभर जाळी टाकून मिळणार नाही एवढं त्यांच्या होडीत. दंड झालाच तर कधी? कागद, सुनावणी, अपील. मासळीचे पैसे मात्र सकाळी लिलावात हातात. म्हणून तुमच्या बेकारियाचं 'लवकर' मला 'हमखास' एवढंच महत्त्वाचं वाटतं.

मालवणी_खाजा
बंब चोरणाऱ्याक शोधूक सोपा आसा, ज्याच्या घरात आता सकाळी गरम पाणी गावता तो 😄

ॲड_आबोली
खाडीपलीकडे, आधी कायद्याचं. चोरीबद्दल दंड करायचा गावकीला अधिकारच नाही. बंद असलं तरी राहतं घर आहे, म्हणजे न्यायसंहितेचं कलम ३०५, सात वर्षांपर्यंत कैद. ते काम पोलीस आणि कोर्टाचं. उद्या कोणी दंड भरला नाही म्हणून गावकीने त्याला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्याच राज्यात आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते गावकीच्या मानकऱ्यांना. रायगड-रत्नागिरीत या प्रकाराने घरंच्या घरं भोगलीयत. तेव्हा बोर्ड लावू नका, मनापासून सांगते.

आता मुद्द्याचं. शिक्षा मोठी केली की ती हमखास राहतच नाही, कारण ती देणाराही माणूसच असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशी. मग ज्युरी काय करायचे, समोर ढीगभर माल दिसत असूनही किंमत ३९ शिलिंग लावायचे. बेकरच्या गणितात दोन आकडे वेगवेगळे आहेत, एक वाढवला तरी दुसरा जागेवर राहतो. खऱ्या कोर्टात एक वाढवला की दुसरा खाली बसतो. हे उत्तर परीक्षेत लिहा, मार्क मिळतील.

चाकरमानी_डोंबिवली
बेकरची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो, अकाउंट्सचा माणूस आहे.

त्याला ही कल्पना कशी सुचली ते त्यानेच नोबेलच्या (१९९२) भाषणात सांगितलंय. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला जात होता, उशीर झालेला, गाडी पैसे भरून पार्किंगमध्ये लावायची की रस्त्यावर नियम मोडून, असा प्रश्न. त्याने मनात दंड, शक्यता आणि वेळ यांचा हिशेब केला आणि रस्त्यावर लावली. तेव्हा त्याला वाटलं की नियम मोडणारा हा काही वेगळ्या जातीचा प्राणी नसतो, तो आपल्यासारखाच हिशेबी असतो. मला हे फार मोठं वाटतं. गुन्हेगाराला राक्षस न समजता माणूस समजणं यात माणुसकी आहे. आणि त्याने स्वतःच त्या लेखात म्हटलंय की गुन्हे करणाऱ्यांवर शिक्षेच्या आकारापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेचा परिणाम जास्त होतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो आपल्या गणितात कसा बसतो तेही दाखवलंय. म्हणजे बेकर विरुद्ध बेकारिया अशी कुस्ती लावायची गरज नाही.

हेल्मेटचंच घ्या. २०१९ च्या केंद्राच्या सुधारणेने हेल्मेट नसल्याचा दंड १०० वरून १,००० वर नेला (राज्यांनी आपापले कमीजास्त केले). तेवढ्याने कोणी हेल्मेट घातलं नाही. पण ज्या सिग्नलला कॅमेरा लागला तिथे दीडशे मीटर आधी डिकीतून हेल्मेट बाहेर येतं, आमच्याकडे रोज बघतो.

सड्यावरचा
आंबा बागायतदार आहे, माझा अनुभव लिहितो. सुरुवातीच्या पेटीला भाव असतो तेव्हाच चोरी होते, मे अखेरीस कॅनिंगचा भाव आला की कोणी फिरकत नाही, झाडाखाली पडला तरी उचलत नाही. म्हणजे चोराला बाजारभाव पाठ असतो, हिशेबी आहे हे मान्यच. दुसरं, तो रस्त्यालगतची कलमं झाडतो, कारण टेम्पो उभा करता येतो. आतल्या घळीतल्या झाडांना हात लागत नाही, पोती डोक्यावर घेऊन चढायला त्यालाही कष्टच आहेत.

आम्ही 'पोलिसात देण्यात येईल'चे बोर्ड लावून बघितले, उपयोग शून्य. मग बागेत खोपी बांधून नेपाळी कुटुंब ठेवलं, आता रत्नागिरीकडे बहुतेक बागांत गुरखे आहेत. रात्री दोन-तीनदा बॅटरी घेऊन फेरी, एक कुत्रा, आणि मुख्य म्हणजे रस्त्याकडचा गडगा उंच करून टेम्पो आत शिरायची वाट बंद. चोरी जवळजवळ थांबली. शिक्षा तीच आहे, काडीचाही फरक नाही तिच्यात.

समई
सड्यावरचा, तुम्ही जे केलंत त्याला रीतसर शास्त्र आहे. मी समाजशास्त्र शिकवायचे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी यायला लागतात. करायला तयार असलेला माणूस, नेण्याजोगी वस्तू, आणि राखण करणारं कोणी नसणं. त्यांचा प्रश्न होता की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली तरी चोऱ्या का वाढल्या. उत्तर असं की बायका नोकरीला लागल्या, घरं दिवसभर रिकामी पडली, आणि टीव्हीसारख्या उचलून नेण्याजोग्या महाग वस्तू घरोघरी आल्या. वाईट माणसं वाढायची गरजच पडली नाही.

आता हे कोकणावर ठेवून बघा. वाडीत वीस घरं, त्यातली चौदा गणपती-शिमगा सोडून बंद. पूर्वी ओटीवर कोणी म्हातारं बसलेलं असायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला 'कोण गो?' विचारायचं. ती ओटी रिकामी झाली. खाडीपलीकडे, तुमच्या गावच्या चोरीचं मूळ मला तिथे दिसतं.

रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये चोरांच्या आवडत्या मालाचे गुण सांगितले होते: लपवता येतो, उचलता येतो, सहज हाताशी असतो, किमतीचा असतो, हवाहवासा असतो आणि चटकन विकता येतो. हापूस सगळ्यांत बसतो. तांब्याचा हंडा शेवटच्यात तर फारच, भंगारात गेला, वितळला, संपला.

घाटमाथा_ते_खाडी
शास्त्र ठीक आहे पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे चोऱ्या कोण करतं. बाहेरून पालं टाकून राहणारे लोक आले की लगेच सुरू. त्यांना आधी हाकला, हिशेब-बिशेब नंतर.

समई
नाही, यावर गप्प बसणार नाही. बेकारियाची सगळ्यात मोठी देणगी हीच की शिक्षा कृत्याला, माणूस कोण आहे त्याला नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८७६ मध्ये, लोंब्रोसो म्हणून इटलीतच एक डॉक्टर आला आणि म्हणाला की गुन्हेगार जन्मजात असतो, कवटी-जबड्यावरून ओळखता येतो. आपल्याकडे तर इंग्रजांनी त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमाती जन्माने चोर ठरवल्या, हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायचं नाही. रद्द झाला १९५२ मध्ये, पण तुमचं वाक्य बघा, कायदा गेला आणि संशय राहिला. पालात राहणाऱ्या बाईला तुमच्या गावात कुणाचं घर कधीपासून बंद आहे, बंब कुठल्या न्हाणीत आहे, हे कसं कळणार? गाव माहीत असलेल्यालाच ते कळतं.

घाटमाथा_ते_खाडी
ठीक. कुलूप न तोडता मागचं दार काढून आत गेलेत असं आमच्याकडेही दोन ठिकाणी झालंय. हे बाहेरच्याला जमणार नाही हे खरं.

गावरहाटी
या सगळ्या विद्वानांच्या आधीपासून आपल्याकडे व्यवस्था होती की. काही चोरीला गेलं की देवळात गाऱ्हाणं घालायचे, 'बा देवा महाराजा, ज्याने नेलं असेल त्याला बुद्धी दे, नाहीतर तुझा तू बघून घे.' आठवड्याच्या आत वस्तू रात्री अंगणात परत आलेली मी लहानपणी बघितली आहे. राखणदार गावच्या सीमेवर फिरतो ही श्रद्धा होती, म्हणजे पकडले जाण्याची शक्यता शंभर टक्के! आता नवीन पिढीला देवाची भीती नाही.

खाडीपलीकडे
गावरहाटी, हे भारी आहे. बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ च्या ग्रंथात माणसाला आवरणारे चार धाक सांगितलेत: निसर्गाचा, राज्याचा, लोकांचा आणि धर्माचा. गाऱ्हाणं चौथ्यात, गावकी तिसऱ्यात. आणि दुसरा तर आपल्या कायद्याच्या पुस्तकातच, कारण २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या दंडसंहितेचा मूळ मसुदा करणाऱ्या मेकॉलेवर बेंथमच्या विचारांची छाप होती.

ॲड_आबोली
श्रद्धेचा मान राखून दुसरी बाजू सांगते. गाऱ्हाणं घातल्यावर महिन्याभरात ज्याच्या घरात दुखणं आलं तो चोर, असं गाव ठरवतं. मी अशी एक बाई बघितली आहे, मुलाला कावीळ झाली आणि पाणवठ्यावर तिच्याशी बोलणं बंद झालं, आणि हंडा नेला होता भलत्यानेच. बेकारियाने गुप्त आरोपांविरुद्ध वेगळं प्रकरण लिहिलंय, कारण ज्याला आपल्यावर काय आरोप आहे हेच माहीत नाही तो बचाव कसा करणार. धाक हमखास असून भागत नाही, तो योग्य माणसावरच पडायला हवा. नाहीतर निरपराध राहूनही शिक्षा होणार असेल तर निरपराध राहण्यातला फायदाच गेला, हिशेबी माणसाच्या दृष्टीनेसुद्धा.

कोलंबीप्रेमी
बंब कोणी पाहिलाय का अलीकडे चालू असलेला? आमच्या आजीचा आहे, करवंट्या घालून पेटवायचा, त्या पाण्याला वेगळाच वास. धाग्याशी संबंध नाही, सॉरी, पण लिहावंसं वाटलं.

मालवणी_खाजा
फोटो टाकू नकात, क्लार्कच्या यादीत बसतलो 😄

तांडेल_देवगड
मला अजून एक सांगायचंय आणि ते वरच्या कोणत्याच तत्त्वात बसत नाही. बेकर काय बेंथम काय, फायदा आणि शिक्षा एकाच डोक्यात मोजतात. बोटीवर तसं नसतं. मालक बंदरावर किंवा शहरात. बोटीवर तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी, त्यांना पगार किंवा वाटा. धाड पडली की पळापळ त्यांची, रात्रभर अडकून पडणं त्यांचं, गावाकडे फोन त्यांचा. मालक दंडाची रक्कम डिझेल-बर्फासारखी खर्चात धरतो. वाळूचंही तेच, खाडीत सक्शन पंपावर कोण उभा असतो आणि डंपर कुणाचे असतात बघा. हिशेब एकाचा आणि मार दुसऱ्याला. जोपर्यंत परवाना आणि बोट जात नाही तोपर्यंत मालकाच्या हिशेबात फरक पडायचा नाही. आणि दंड लहान असला तर उलट होतं, त्याला वाटतं भाडं भरलं, आता करायला मोकळा.

चाकरमानी_डोंबिवली
तांडेल, यावर प्रयोग झालेला आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना लहानसा दंड लावून बघितला, निष्कर्ष २००० मध्ये छापून आले. उशीर वाढला! आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची, दंड आल्यावर ती सेवेची किंमत झाली. नंतर दंड काढून टाकला तरी लोक वळणावर आले नाहीत.

सड्यावरचा
सगळं हिशेबाने होत नाही हेही लिहायला हवं. आमच्या शेजारच्या वाडीत बांधावरून दोन भावांत कोयती चालली. हातभर जमीन, वरकस, तिथे नाचणीही धड होत नाही. त्यात कसला फायदा-तोटा? फाशी असती तरी त्या क्षणाला त्याला आठवली नसती.

समई
बरोबर, आणि क्लार्क-कॉर्निशना (१९८६) हे ठाऊक होतं. ते म्हणतात हिशेब अर्धवट असतो, घाईतला, दारूच्या नशेतला, अपुऱ्या माहितीवरचा. आणि प्रत्येक गुन्ह्याचा हिशेब वेगळा, घर फोडणाऱ्याचा नियम भांडणाऱ्याला लावू नका. जॅक कात्झ या समाजशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये याहून पुढे जाऊन दाखवलं की रागात मारणाऱ्याला त्या क्षणी आपण न्यायच करतोय असं वाटत असतं. पण त्या भावांच्या बाबतीतही विचारावंसं वाटतं की मोजणी वेळेवर झाली असती तर? बांधाचा निकाल वीस वर्षं लटकला नसता तर कोयता निघाला असता का?

घाटमाथा_ते_खाडी
एक शंका. आमच्या वाडीत राखण ठेवली तर चोर शेजारच्या वाडीत जाईल, मग काय उपयोग?

चाकरमानी_डोंबिवली
काही जातात, सगळे नाही. पश्चिम जर्मनीत १९८० पासून हेल्मेट नसेल तर जागेवर दंड सुरू झाला. मोटारसायकल चोरी वर्षाला दीड लाखाच्या आसपास होती ती १९८६ पर्यंत निम्म्याहून खाली आली, कारण चोर सहसा हेल्मेट घेऊन फिरत नाही आणि बिनहेल्मेटचा लगेच नजरेत भरतो. ते सगळे कार चोरायला लागले का? नाही, कारचोरी त्या प्रमाणात वाढली नाही. ज्याला सहज जमत होतं म्हणून करत होता त्याने सोडून दिलं.

तांडेल_देवगड
जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन सुरू केलेत, हे मला लाखाच्या दंडापेक्षा मोलाचं वाटतं. ड्रोन कधी उडाला हे जेटीवरून कळत नाही. फक्त ते पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, आणि अमावास्येच्या रात्री उडतात का यावर सगळं आहे. उजेड अमावास्येलाच लावतात, चांदण्यात त्याचा उपयोग कमी.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बैठक झाली. आबोलीताईंचा बहिष्कार कायद्याचा मुद्दा वाचून दाखवला, बोर्डाचा ठराव मागे घेतला. त्याऐवजी हे ठरलंय: प्रत्येक बंद घराची एक किल्ली वाडीतल्या एका घरात, त्यांनी आठवड्यातून एकदा दार उघडायचं, अंगण झाडायचं, संध्याकाळी ओटीवरचा दिवा लावायचा, आणि चाकरमान्यांनी त्याबद्दल महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे (एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना यातून आधारही होईल). भांड्यांवर नावं आहेतच आज्या-पणज्यांनी कोरलेली, ज्यांच्यावर नाहीत त्यांनी गणपतीत घालून घ्यायची आणि फोटो काढून ठेवायचे. तालुक्याच्या भंगारवाल्यांना भेटून सांगायचं की नाव कोरलेलं भांडं आलं तर फोन करा. एकजण म्हणाला याने चोराला शिक्षा कुठे झाली? मी म्हटलं चोरीच झाली नाही तर शिक्षा हवी कशाला.

अडलंय एका ठिकाणी. भंगारवाले ऐकतील का?

ॲड_आबोली
नुसतं विनंतीवर नाही ऐकणार. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७. ठाण्यातून एक बैठक लावून घ्या, पोलिसांच्या समोर सांगा, आणि नाव कोरलेल्या भांड्यांच्या फोटोंची फाईल प्रत्येकाला देऊन पोच सही घ्या. सही घेतली की 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

चाकरमानी_डोंबिवली
महिन्याला किती ठरले? आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकतो हे.

खाडीपलीकडे
घरामागे तीनशे. पोच सहीचा मसुदा मिळेल का ताई?

ॲड_आबोली
आज रात्री व्यनि करते. घराघराची यादी आणि फोटो तयार ठेवा, त्याशिवाय ठाण्यात जाऊ नका.